विश्लेषण : क्लचप्लेट जळाली; चूक चालकाची की कंपनीची?

नवी छोटी गाडी. मीटरवर दहा हजार किलोमीटरही झालेले नाहीत. घाटात किंवा उड्डाणपुलाच्या चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी ओढत नाही. पाठोपाठ जळका वास येतो. सर्व्हिस सेंटरमध्ये मिळणारे उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते : ‘क्लचप्लेट जळाली आहे. हा झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही. हाफ क्लचवर गाडी चालवत असाल.’ ग्राहक निमूटपणे बिल भरतो किंवा भांडतो. पण क्लच लवकर गेला तर दोष नेहमी चालकाचाच असतो का? कंपनीची जबाबदारी कुठे सुरू होते? कायदा काय सांगतो?

क्लच नेमके काय काम करतो?

इंजिन सतत फिरत असते. चाके मात्र कधी थांबलेली, कधी फिरणारी. या दोघांना हवे तेव्हा जोडणे आणि हवे तेव्हा तोडणे हे क्लचचे काम. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड चकती असते. गिअरबॉक्सच्या बाजूला असते क्लचप्लेट. तिच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचे अस्तर असते. प्रेशर प्लेट आपल्या स्प्रिंगच्या जोरावर ही क्लचप्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकून हा दाब काढून घेते आणि इंजिन-चाकांचा संबंध तुटतो.

पेडल पूर्ण सोडलेले असेल तर प्लेट आणि फ्लायव्हील एकाच वेगाने फिरतात, घर्षण होत नाही आणि झीजही जवळपास नसते. पेडल पूर्ण दाबले तरी प्लेट मोकळी असते. झीज होते ती मधल्या अवस्थेत. गाडी उचलताना फ्लायव्हील वेगाने फिरत असते आणि प्लेट तेवढा वेग पकडत असते. त्या काही क्षणांत दोघांत घर्षण होऊन उष्णता तयार होते. हेच ‘हाफ क्लच’. हे क्षण लांबले की उष्णता साठते, अस्तर करपते आणि प्लेट घसरू लागते.

क्लच किती टिकायला हवा?

याचे एकच उत्तर नाही. महामार्गावर धावणाऱ्या गाडीचा क्लच लाख किलोमीटरही टिकतो. शहरात, रोज कोंडीत अडकणाऱ्या गाडीचा त्याच्या निम्म्या अंतरात बदलावा लागू शकतो. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर किंवा पुण्यात हिंजवडीच्या वाटेवर संध्याकाळी दहा किलोमीटर जाताना जितक्या वेळा क्लच दाबावा लागतो, तितक्या वेळा द्रुतगती मार्गावर शंभर किलोमीटरमध्येही लागत नाही. त्यामुळे केवळ किलोमीटरचा आकडा दाखवून दोष सिद्ध होत नाही आणि फेटाळताही येत नाही.

आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी. चांगला, निर्दोष क्लचही चुकीच्या वापराने एका दिवसात जळू शकतो. चिखलात अडकलेली गाडी पेडल अर्धे दाबून रेस करत बाहेर काढणे किंवा चढावर हँडब्रेक न लावता फक्त क्लचवर गाडी तोलून धरणे यासाठी पुरेसे आहे. म्हणूनच ‘नवी गाडी, म्हणजे कंपनीचाच दोष’ हा युक्तिवाद आयोगासमोर टिकत नाही.

मग कंपनीचा दोष कधी असू शकतो?

क्लच जळण्याची सगळी कारणे चालकाच्या डाव्या पायाशी जोडलेली नसतात. पेडल सोडल्यावरही यंत्रणा पूर्ण मागे येत नसेल, तर प्रेशर प्लेटचा दाब कमी पडतो आणि प्लेट सतत थोडी घसरत राहते. केबलवर चालणाऱ्या क्लचमध्ये केबल अडकणे किंवा तिचा मोकळा खेळ म्हणजे फ्री प्ले नीट न ठेवणे, हायड्रॉलिक क्लचमध्ये मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडर अडकून दाब शिल्लक राहणे, ही त्याची कारणे. अशा गाडीत चालक कितीही काळजीने चालवत असला तरी प्लेट जळणारच. जळलेली प्लेट मात्र दिसायला तशीच दिसते, जशी हाफ क्लचने जळलेली दिसते. वादाचे मूळ इथेच आहे.

दुसरे कारण तेलगळती. इंजिन किंवा गिअरबॉक्सच्या ऑइल सीलमधून तेल झिरपून प्लेटवर गेले की ती घसरते किंवा गाडी उचलताना थरथरते. याचा चालवण्याच्या पद्धतीशी संबंध नसतो. तिसरे कारण सुट्या भागांचा दर्जा : प्रेशर प्लेटची कमकुवत स्प्रिंग, प्लेटमधील धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा तुटणे, अस्तराचे तुकडे पडणे, रिलीज बेअरिंग जाम होणे. चौथे कारण जुळणीतील चूक.

पाचवा मुद्दा आराखड्याचा. छोट्या गाडीत जागा, वजन आणि किंमत यांचे गणित घट्ट असते. ग्राहकाला पेडल हलके हवे असते. ते देताना क्लचची पकड आणि उष्णता सहन करण्याची क्षमता पुरेशी राखणे हे अभियंत्यांचे काम. भारतीय शहरांतील कोंडी, पाच जण बसलेली गाडी, चालू एसी आणि घाटरस्ता हा इथला रोजचा वापर आहे. तो ‘गैरवापर’ ठरवता येणार नाही. ज्या बाजारात गाडी विकली जाते, त्या बाजारातील नेहमीचा वापर तिला झेपलाच पाहिजे.

काढलेले भाग काय सांगतात?

क्लच उघडल्यावर निघालेले भाग हा या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा पुरावा असतो. अस्तर दोन्ही बाजूंनी सारखे झिजून रिव्हेटपर्यंत पोहोचले असेल, तर ती वापरातील नेहमीची झीज. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटवर निळसर-काळे डाग असतील, तर अतिउष्णता झाली आहे. ती चालकामुळे की न सुटणाऱ्या यंत्रणेमुळे, हे केबल, सिलिंडर आणि फ्री प्ले तपासल्याशिवाय सांगता येत नाही. प्लेट तेलकट असेल तर सील पाहावे लागते. एकाच बाजूची झीज, तुटलेल्या स्प्रिंगा किंवा प्रेशर प्लेटची मोडलेली बोटे यांत सुट्या भागाचा किंवा जुळणीचा दोष असण्याची शक्यता तपासायला हवी.

अडचण अशी की बहुतेक ग्राहक हे भाग पाहतच नाहीत. गाडी सकाळी दिली, संध्याकाळी बिल भरून घेतली, जुने भाग भंगारात गेले. नंतर तक्रार करायची म्हटले तर तज्ज्ञाने तपासायचे काय?

वॉरंटीतून क्लच वगळलेला असतो, म्हणजे विषय संपला?

नाही. बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत क्लचप्लेट, ब्रेक पॅड, वायपर यांसारख्या भागांची ‘नेहमीची झीज’ वगळलेली असते. वगळली जाते ती झीज. साहित्यातील किंवा बनावटीतील दोष नव्हे. देशातील सर्वांत मोठी कार कंपनी असलेल्या मारुती सुझुकीने २०२४ मध्ये आपल्या गाड्यांची वॉरंटी दोन वर्षे किंवा ४० हजार किलोमीटरवरून तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर केली. वॉरंटीची मुदत अशी वाढली तरी ‘झीज की दोष’ हा वाद मिटत नाही, कारण तो मुदतीचा नसून कारणाचा आहे. म्हणूनच ‘क्लच वॉरंटीत नाही’ या तोंडी उत्तरावर न थांबता, बिघाडाचे कारण काय आढळले आणि ते कोणत्या तपासणीवरून ठरवले, हे लेखी मागणे हा ग्राहकाचा पहिला टप्पा आहे.

ग्राहक संरक्षण कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष वस्तू आणि सदोष सेवा, दोन्हींविरुद्ध तक्रार करता येते. कंपनीने सदोष भाग बसवला असेल तर तो वस्तूतील दोष. सर्व्हिस सेंटरने तेलगळती न पाहता केवळ प्लेट बदलली आणि ती पुन्हा गेली, तर ती सेवेतील त्रुटी. दोष काढून देणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे, नुकसानभरपाई देणे असे आदेश आयोग देऊ शकतो.

वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. म्हणजे छोट्या गाड्यांची जवळपास सगळी प्रकरणे तिथेच येतात. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, पाच ते दहा लाखांसाठी २०० रुपये आणि दहा ते वीस लाखांसाठी ४०० रुपये शुल्क आहे. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावे लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. गाडी स्वतः चालवून पोट भरणारा टॅक्सीचालकही ‘ग्राहक’ ठरतो, कारण स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी केलेला वापर कायद्याने व्यावसायिक हेतूत धरलेला नाही.

सिद्ध कोणी करायचे?

उत्पादनातील दोष आहे, हे दाखवण्याची जबाबदारी प्रामुख्याने तक्रारदारावर असते. गाडी वारंवार दुरुस्तीला न्यावी लागली, एवढ्यावर दरवेळी दोष सिद्ध होत नाही. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर कायद्याच्या कलम ३८ नुसार वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद आहे. त्याचे शुल्क आयोग तक्रारदाराला भरायला सांगू शकतो. अहवाल साधारणपणे ४५ दिवसांत येणे अपेक्षित असते. तपासणी लागणारी प्रकरणे पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात याहून बराच जास्त वेळ जातो.

तज्ज्ञाचा अहवाल किती निर्णायक असतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० मधील फियाट गाडीच्या प्रकरणातून दिसते. न्यायालयाने गाडीची तपासणी स्वतंत्र तांत्रिक तज्ज्ञाकडून करून घेण्यास सांगितले आणि त्यात उत्पादनातील दोष आढळला तर किंमत परत करण्याचा मार्ग मोकळा ठेवला.

गाडीच बदलून मिळते का?

केवळ क्लचसाठी अशी अपेक्षा धरणे बहुतेक वेळा अवास्तव ठरेल. मारुती उद्योगच्या प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश टिकवला नाही. वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची हमी असेल, तर कंपनीची जबाबदारी त्या भागापुरती, असा त्याचा अर्थ. याउलट २००४ मध्ये प्रीमियर कंपनीच्या गाडीच्या प्रकरणात, दोष मान्य करण्याऐवजी जबाबदारी नाकारत राहिल्याबद्दल न्यायालयाने कंपनीवर नाराजी व्यक्त केली होती. या निकालांवरून मागणी कशी ठेवावी हे कळते : क्लच संच आणि गरज असल्यास फ्लायव्हील मोफत बदलणे, भरलेले बिल परत मिळणे, गाडी बंद राहिल्याच्या काळाची भरपाई आणि दाव्याचा खर्च.

विक्रेता जबाबदार की निर्माता?

तक्रारीत दोघांनाही पक्षकार करणे योग्य. पण कोणावर कोणता आरोप आहे हे स्पष्ट हवे. गोव्यातील एका ग्राहकाला २००९ ची गाडी २०११ मध्ये नवी म्हणून विकल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये निर्माती कंपनी टाटा मोटर्सला जबाबदारीतून मुक्त केले. कंपनी आणि वितरक यांचे नाते दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे आहे. वितरकाच्या कृत्याची कंपनीला माहिती होती हे मांडले आणि सिद्ध केले नसेल, तर केवळ तिचा वितरक म्हणून कंपनीवर ठपका ठेवता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. क्लचच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. बनावटीतील दोष असेल तर आरोप निर्मात्यावर, दुरुस्तीतील निष्काळजीपणा असेल तर सर्व्हिस सेंटरवर.

‘उत्पादन दायित्व’ कधी लागू होते?

२०१९ च्या कायद्यातील कलम ८४ निर्मात्याची जबाबदारी सांगते. उत्पादनात किंवा आराखड्यात दोष असेल, माल ठरलेल्या मानकाप्रमाणे नसेल, दिलेल्या हमीशी जुळत नसेल किंवा योग्य वापराच्या पुरेशा सूचना नसतील, तर निर्माता जबाबदार धरला जाऊ शकतो. पण इथे एक बारकावा आहे. या प्रकरणातील ‘हानी’च्या व्याख्येत खुद्द त्या वस्तूचे झालेले नुकसान येत नाही. म्हणजे केवळ क्लचप्लेट जळाली तर दाद मागायची ती सदोष वस्तू किंवा सदोष सेवा म्हणून. क्लच तुटल्यामुळे अपघात होऊन कोणी जखमी झाले किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर उत्पादन दायित्वाचा दावा उभा राहतो. उत्पादनाचा गैरवापर किंवा त्यात फेरफार केल्याचे दिसले तर कायदा बचावाची सोयही देतो.

क्लचसाठी रिकॉल होऊ शकतो का?

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या कलम ११० अ नुसार, पर्यावरणाला, गाडीतील व्यक्तींना किंवा रस्त्यावरील इतरांना धोका ठरणाऱ्या दोषासाठी केंद्र सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांपर्यंतच्या गाड्या त्यात येतात आणि सक्तीच्या रिकॉलमध्ये दंड एक कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. किती गाड्या विकल्या आणि किती तक्रारी आल्या यावर कारवाईचे निकष ठरतात. त्यामुळे एकेकट्याने सर्व्हिस सेंटरमध्ये भांडण्यापेक्षा प्रत्येक तक्रारीची अधिकृत नोंद होणे महत्त्वाचे ठरते. वेळेआधी झिजलेली प्लेट सहसा ‘सुरक्षेचा दोष’ मानली जात नाही. पण घाटात किंवा चौकात अचानक ओढ जाणारी गाडी हा निव्वळ खर्चाचा प्रश्न उरत नाही.

अमेरिकेत २०२३ मध्ये जीपच्या मॅन्युअल गिअरच्या सुमारे ६९ हजार गाड्या परत बोलावण्यात आल्या. प्रेशर प्लेट अतितापून फुटण्याचा आणि आग लागण्याचा धोका हे कारण होते. ऑस्ट्रेलियातील उदाहरण भारतीय ग्राहकाला अधिक ओळखीचे वाटेल. फोर्डच्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्टमधील ‘पॉवरशिफ्ट’ या दुहेरी क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये थरथर होत असे. अनेक ग्राहकांना ‘तुमच्या चालवण्यामुळे’ असे सांगितले गेले. प्रत्यक्षात दोष यंत्रणेत असल्याची कल्पना कंपनीला होती. तेथील फेडरल न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. तो गिअरबॉक्स सदोष निघाल्याबद्दल नव्हता. तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकांना ज्या रीतीने वागवले, त्याबद्दल होता.

बाहेरच्या गॅरेजमध्ये दाखवले तर वॉरंटी जाते?

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला होता. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणे आणि बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी नाकारणे, या गोष्टींना त्या आदेशात आक्षेप होता. कंपन्यांनी त्याला आव्हान दिले. त्यामुळे व्यवहारात सावध राहणे बरे. वॉरंटीच्या काळात गाडी बाहेर फक्त दाखवावी, मत घ्यावे. पण क्लच तिथे उघडू नये. एकदा उघडला की ‘फेरफार झाला’ हे कारण कंपनीच्या हाती लागते.

वाहनमालकाने काय करावे?

* पहिले लक्षण दिसताच तक्रार नोंदवा. पेडल नेहमीपेक्षा वर सुटणे, इंजिनाचा वेग वाढून गाडीचा वेग न वाढणे, उचलताना थरथर, जळका वास ही लक्षणे. जॉब कार्डवर ती आपल्या शब्दांत, तारीख आणि किलोमीटरसह लिहून घ्या.

* क्लच उघडताना हजर राहण्याची लेखी विनंती करा. प्लेटच्या दोन्ही बाजू, प्रेशर प्लेट, फ्लायव्हील, बेअरिंग आणि आसपासच्या तेलाच्या खुणा यांचे फोटो काढा.

* जुने भाग परत मागा. वॉरंटीत बदलले असतील तर कंपनी ते स्वतःकडे ठेवते. तेव्हा निदान फोटो आणि तपासणी अहवाल घ्या.

* केबल, फ्री प्ले, मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर, ऑइल सील यांची तपासणी झाली का, ते लेखी विचारा.

* बिल भरावेच लागले तर ‘हरकत कायम ठेवून भरणा’ असे त्यावर नमूद करा.

* कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा. उत्तर नाही मिळाले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. तोडगा न निघाल्यास नोटीस देऊन जिल्हा आयोगाकडे जा. ‘ई-जागृती’ पोर्टलवरून ऑनलाइन तक्रारही करता येते.

चालकाची बाजूही भक्कम हवी. सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये ठेवणे, चढावर हँडब्रेक वापरणे, चालताना डावा पाय पेडलवरून काढून बाजूला ठेवणे, वेळापत्रकाप्रमाणे सर्व्हिसिंग करून नोंदी जपणे. याने क्लचचे आयुष्य वाढतेच, शिवाय ‘तुम्हीच चुकीची चालवली’ हा आरोप आला तर उत्तर द्यायला कागदही हाताशी राहतो.